दादांचा अर्धा

तीन मिनिटं चाळीस सेकंद. तिने मोबाइलवरचं घड्याळ थांबवलं, आकडा पाहिला, आणि आनंद व्हायला हवा होता तो झाला नाही. सकाळचे साडेसहा वाजले होते. स्वयंपाकघरातलं टेबल, त्यावर लॅपटॉप, शेजारी वाफाळता चहा, पलीकडे लेकीची भूमितीची वही. लॅपटॉपच्या आत सरावासाठी उभं केलेलं एक लुटुपुटूचं यंत्र होतं, आणि पुस्तकातला प्रश्न असा होता की या यंत्राचा मुख्य पासवर्ड तुम्हाला माहीत नाही, तरी आत शिरा आणि नवा ठेवा. या वर्षी परीक्षेच्या अभ्यासक्रमात नव्याने आलेला प्रश्न. यंत्र बंद करून पुन्हा चालू करायचं, ते डोळे किलकिले करतंय तोवर त्याला मध्येच अडवायचं, एका ओळीच्या शेवटी दोन शब्द जोडायचे, की ते कुणाला काही न विचारता दार उघडून बाजूला होतं. इतकंच. ज्याचा हात यंत्राला पोचतो त्याला पासवर्डची गरजच नाही. असं काहीतरी करता येतं हे ती ऐकून होती, पण माणूस ऐकून तर बरंच काही असतो. स्वतःच्या हाताने तिने आज पहिल्यांदा केलं, आणि तेही चहावर साय धरायच्या आत.

"सुटला?" लेकीने तोंडात ब्रश ठेवूनच विचारलं.

"सुटला."

"मग असा सुतकी चेहरा का? मी नापास झाल्यावरसुद्धा तू इतकं तोंड पाडत नाहीस."

"तू नापास होऊन तर बघ," ती म्हणाली, आणि लॅपटॉप मिटला. मिटल्यावरही बोटं तशीच टेबलावर राहिली. चोरी केली आणि कुणी पाहिलं नाही, अशा वेळी हात कुठे ठेवावेत ते कळत नाही, तसं तिचं झालं होतं.

कारण एकोणीस वर्षं ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली होती. शहराच्या पाणीपुरवठा कार्यालयात तळमजल्यावर एक बिनखिडकीची खोली आहे. बारा महिने तेरा काळ तिथे थंडी, म्हणून दाराच्या खिळ्याला दोन जुनी जाकिटं टांगलेली, एक तिचं आणि एक दादांचं. दादा म्हणजे तिचे वरिष्ठ. सख्खे ना चुलत, पण नोकरीच्या पहिल्याच दिवशी ती त्यांना 'सर' म्हणाली तेव्हा त्यांनी मागे वळून कोण आलं ते पाहिलं होतं, तेव्हापासून दादा. त्या खोलीत कोपऱ्यात लोखंडी मांडणीवर एक जुनं यंत्र आहे, त्याला सगळे थोरला म्हणतात. कुठल्या भागाचा पंप कधी सुरू, कुठली झडप किती वाजता उघडी, याचं सगळं वेळापत्रक थोरल्याच्या पोटात. ती कामाला लागली त्या वर्षी तेव्हाच्या मोठ्या साहेबांनी कुठेतरी वाचलं, की एका कार्यालयात एका माणसाने सगळ्या किल्ल्या स्वतःकडे ठेवून वरिष्ठांना नाकी नऊ आणले. झालं. फर्मान निघालं, की थोरल्याचा मुख्य पासवर्ड एका माणसाकडे असता कामा नये. अर्धा दादांकडे, अर्धा हिच्याकडे, आणि एकाने दुसऱ्याचा अर्धा जन्मात बघायचा नाही. दादा तेव्हा एकदाच बोलले होते. "साहेब, एक किल्ली दोघांत ठेवली, की दोघांपैकी एकाला ताप आला तरी घर बंद." साहेब म्हणाले, नियम तो नियम. "बरं," दादा म्हणाले. दादा कुणाशी दुसऱ्यांदा वाद घालत नसत. त्यांच्या बायकोचं म्हणणं, त्यापेक्षा वाद घातलेला परवडला.

आणि मग तो विधी सुरू झाला. वर्षातून चार-पाच वेळा थोरल्याच्या गाभ्यात हात घालायची वेळ यायची. आधी ती खुर्चीत बसायची, दादा भिंतीकडे तोंड करायचे. ती आपला अर्धा टाइप करायची. पडद्यावर काहीच दिसत नाही, ठिपकासुद्धा नाही, नुसता कर्सर लुकलुकत राहतो. मग ती उठायची, भिंतीशी जायची, आणि दादा खुर्चीत बसायचे. ती भिंत तिला पाठ होती. रंगाचा एक फुगवटा, नखाने टोचला असता तर फुटला असता, पण तिने एकोणीस वर्षांत टोचला नाही. कधीकाळी तारखांचा कागद टांगलेला असेल तो खिळा, त्याच्याखाली गंजाचा ओघळ. कोपऱ्यातून येणारी थंड हवा मानेवर. आणि मागे दादांची टकटक. पाहायचं नाही असं ठरलं होतं, ऐकायचं नाही असं काही ठरलं नव्हतं, आणि कान काही मिटता येत नाहीत. सोळा टकटकी. दर वेळी सोळा. पहिल्या आठ अडखळत, इकडेतिकडे, दादांची बोटं जाड. पुढच्या आठ मात्र एका जागी, एका लयीत, नळ ठिबकावा तशा. मग एंटरचा मोठा टक, आणि दादांचा आवाज, "वळ." पहिली काही वर्षं ती गप्प बसली, मग एकदा राहवलं नाही. "दादा, तुमच्या अर्ध्यात एकच अक्षर आठ वेळा आहे. असा पासवर्ड ठेवत नाहीत. नवशिके सुद्धा ठेवत नाहीत." दादा इतके हसले, की त्यांना ठसका लागला. "कान टवकारून उभी असतेस होय गं, मास्तरीणबाई?" तेव्हापासून तिचं नाव मास्तरीण. दर वर्षी पासवर्ड बदलायचा, दोघं आपापला नवा अर्धा ठरवायचे, आणि दर वर्षी दादांचे पुन्हा सोळा, आठ अडखळत आणि आठ ठिबकत. मोठी माणसं सुधारत नाहीत, असं म्हणून तिने तो विषय सोडला.

आठ महिन्यांपूर्वी, निवृत्तीला चार महिने उरले असताना, दादा सकाळी बूट घालायला वाकले ते उठलेच नाहीत. जीव वाचला. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. हॉस्पिटलमध्ये ती पहिल्यांदा भेटायला गेली तेव्हा त्यांनी तिच्याकडे पाहून तोंड उघडलं आणि आतून एक घोगरा स्वर आला, आणि त्या स्वराची त्यांना स्वतःलाच इतकी लाज वाटली, की त्यांनी मान फिरवली. वाचा-उपचाराची बाई म्हणाली, त्यांना सगळं समजतं, पण शब्द सापडत नाही आणि अक्षरही सापडत नाही. 'हो'च्या जागी 'नाही'ची मान हलू शकते, तेव्हा मानेवर विसंबू नका. कार्यालयात बातमी कळली तेव्हा सगळे हळहळले, आणि तासाभराने कुणाला तरी थोरला आठवला. म्हणजे यंत्र चालू होतं, रोजचं काम होत होतं, पंप ठरल्या वेळी सुटत होते; फक्त त्याच्या पोटातलं बाहेर काढून नव्या यंत्रात भरायचं तर मुख्य पासवर्ड हवा, आणि त्याचा अर्धा एका मुक्या माणसाच्या डोक्यात. मग ती दर रविवारी त्यांच्या घरी जाऊ लागली. सोबत एक जुना कीबोर्ड, कशालाच न जोडलेला, वायर गुंडाळून पिशवीत घातलेला.

रविवार. वहिनींनी, म्हणजे दादांच्या पत्नीने, सकाळीच त्यांची दाढी केलेली असायची. इस्त्रीचा शर्ट, केसांना पाणी लावून पाडलेला भांग. एरवी आठवडाभर ते पलंगावरून उठायला तयार नसत, पण रविवारी खुर्चीत बसत. "ऑफिसला अजून गरज आहे त्यांची," वहिनी शेजारणीला सांगायच्या, आणि ते सांगताना त्यांचा आवाज चढायचा, म्हणजे आतल्या खोलीत ऐकू जावा. उपचाराची बाईसुद्धा म्हणाली होती, हे सोळा अक्षरांचं खूळ चालू राहू द्या, त्याच्यासाठी तरी बसतात ते. ती कीबोर्ड त्यांच्या मांडीवर ठेवायची आणि शाळेत शिकवावं तसं सावकाश म्हणायची, "दादा, तुमचा अर्धा. पहिलं अक्षर कुठलं?" दादा मान हलवायचे, हो, माहीत आहे. मग डावा हात उचलायचे. तो हात थरथरत अख्खा कीबोर्ड ओलांडून जायचा आणि उजव्या टोकाच्या त्या मोठ्या कळीवर पडायचा. "दादा, एंटर शेवटी. आधी अक्षरं." ती त्यांचं बोट हळूच उचलून पुन्हा अक्षरांवर आणून ठेवायची. ते पुन्हा तिकडेच. उपचाराची बाई म्हणाली, मोठी कळ आहे ना, नजर तिच्यावर ठरते. पुन्हा उचल, पुन्हा ठेव. तिने चिकाटी सोडली नाही, मास्तरीणच ती. कुठलं अक्षर आठ वेळा, एवढं जरी कळलं तरी बाकीचं जुळवता येईल, असा तिचा हिशेब. ती एकेका कळीवर त्यांचं बोट टेकवून तोंडाकडे बघायची, डोळ्यांत काही हलतं का. कधी पापणी हलली, की सोमवारी ती त्या अक्षराच्या आधाराने आपल्या अर्ध्यापुढे काहीबाही जोडून बघायची, आणि तीन चुका झाल्या की थोरला तासभर दार लावून घ्यायचा. अर्ध्या तासाने दादा कीबोर्ड ढकलून द्यायचे. दोनदा रडले. एकदा तिचं मनगट इतकं घट्ट धरलं, की बोटांचे वळ उठले. "आठवत नाही म्हणून चिडतात गं," वहिनी म्हणायच्या. दारापर्यंत पोचवायला येताना एकदा हसत हसत म्हणाल्या, "सापडलं की मग तुझं येणं बंद होईल, नाही?" हसत होत्या, पण दाराची कडी हातात धरून ठेवली होती.

आणि आता तीन मिनिटं चाळीस सेकंद. म्हणजे भिंत, खिळा, गंजाचा ओघळ, सोळा टकटकी, रविवारची दाढी, कशाची म्हणून गरज नाही. असं कसं होईल, ती बसथांब्यावर उभी राहून स्वतःशी म्हणत होती. दादांना हे माहीत नसेल? त्यांनीच तर तिला सगळं शिकवलं. पण त्यांनी शिकवलं होतं ते वेगळं होतं. "एंटर दाबायच्या आधी ओळ एकदा तोंडाने म्हण. लिहिलेलं खोडता येतं, एंटर खोडता येत नाही." त्यामुळे तिला पुटपुटायची सवय लागली होती, भाजी चिरतानासुद्धा ती आज्ञा पुटपुटायची, आणि नवरा म्हणायचा, घरात कुणीतरी मंत्र घालतंय. याच पुटपुटण्याने ती परीक्षेच्या मागच्या खेपेला अडचणीत आली. परीक्षा एका काचेच्या खोपटात असते. रिकामे खिसे, रिकामं टेबल, डोक्यावर कॅमेरा. अडीच तास, दोन यंत्रं, वीस कामं. दीड तास झाला आणि भिंतीतून आवाज आला, "उमेदवार क्रमांक सतरा, ओठ हलवू नका." त्यानंतर तिने ओठ दाताखाली धरून ठेवले, आणि ओठांशिवाय तिला काहीच सुचेना. शंभरात सत्तर हवे होते, सदुसष्ट मिळाले. त्याच्या आधीच्या वर्षी तर शून्य. वीसच्या वीस कामं बरोबर केली होती, पण शेवटी परीक्षक दोन्ही यंत्रं बंद करून पुन्हा चालू करतात, आणि चालू झाल्यावर जे शिल्लक राहतं त्यालाच गुण. तिने एका ओळीत एक अक्षर चुकवलं होतं. यंत्र उठलंच नाही. अडीच तासांचं सगळं काम आत, आणि दार बंद. त्या वेळी ती घरी येऊन दादांना फोनवर म्हणाली होती, सगळं बरोबर होतं हो. "बरोबर होतं हे कुणाला कळणार," दादा म्हणाले होते, "तू आत कोंडून ठेवलंस ना."

परीक्षा सोमवारी होती, तिसरी आणि शेवटची खेप. नव्या साहेबाने, जो तिच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान होता आणि वाईट मुळीच नव्हता, वर्षारंभीच सांगितलं होतं, की मुख्य यंत्रांना हात लावायचा तर प्रगत प्रमाणपत्र हवं, मग अनुभव एकोणीस वर्षांचा असो की एकोणनव्वद. नाहीतर तक्रार विभाग. तक्रार विभाग म्हणजे वरच्या मजल्यावर एका रांगेत नऊ फोन आणि दिवसभर 'आमच्याकडे पाणी आलं नाही'. तिला त्या नऊ फोनांची स्वप्नं पडत. बुधवारी दुपारी साहेबाने तिला बोलावलं तेव्हा त्याच्या टेबलावर परीक्षेचा नवा अभ्यासक्रम छापून ठेवलेला होता आणि एका ओळीखाली पेन्सिलीची रेघ होती. तिने रेघ पाहिली आणि तिला समजलं.

"मॅडम, हे तुम्हाला येतं ना आता?"

"सरावात येतं."

"मग थोरल्यावर करू या. शनिवारी सकाळी दहाला. दर रविवारी त्या बिचाऱ्या माणसाला किती त्रास द्यायचा?"

"थोरला सहा वर्षांत एकदाही बंद झालेला नाही," ती म्हणाली. "बंद केला आणि उठलाच नाही तर?"

"म्हणून तर शनिवार. पंपांवर माणसं उभी करतो, हाताने चालवतील." मग त्याने अभ्यासक्रमाचा कागद बाजूला सारला. "मॅडम, तुम्ही आठ महिने प्रयत्न केलात. कुणी काही म्हणणार नाही."

कुणी काही म्हणणार नाही, हेच तर. ती खाली आली, बिनखिडकीच्या खोलीत बसली, जाकीट घालायचं विसरली. नाही म्हणावं, तर सोमवारच्या परीक्षेला अर्थ उरत नाही, साहेब दुसऱ्या कुणाकडून तरी करून घेईल, तीन मिनिटं चाळीस सेकंदांचं तर काम. हो म्हणावं, तर येत्या रविवारी वहिनी दादांची दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून त्यांना खुर्चीत बसवतील, आणि ती काय सांगणार? तुमच्या अर्ध्याची गरज उरली नाही. तुमचं घर आम्ही मागच्या दाराने उघडलं. त्या माणसाला खुर्चीत बसवणारी जगात एकच गोष्ट उरली होती आणि ती हिच्या हाताने जाणार होती. खोटं सांगावं का? दादा, सापडलं हो, जुळलं. पण दादांना खोटं कळेल. त्यांना सगळं कळतं, फक्त सांगता येत नाही. की कीबोर्ड घेऊन पुढेही तसंच जात राहावं, पहिलं अक्षर कुठलं, पहिलं अक्षर कुठलं, जन्मभर नाटक? गुरुवारी आणि शुक्रवारी तिने अभ्यास केला असं म्हणायला हवं. पुस्तक उघडं होतं. लेक समोर बसून प्रमेय घोकत होती, आणि हिने एकच पान इतक्या वेळा वाचलं, की लेक म्हणाली, "आई, ते पान झिजेल." नवऱ्याने एकदा विचारलं, नेमकं काय बिनसलंय? ती म्हणाली, परीक्षेचं टेन्शन. ते खोटं नव्हतं, एवढंच.

शनिवारी कार्यालय रिकामं होतं. साहेब बाहेरच्या खोलीत फोन घेऊन बसला होता, पाचही पंपघरांशी बोलणं चालू होतं, सगळे तयार होते. तिने त्याला सांगितलं, दार लावून घेते, आत कुणी नको. त्याला वाटलं नियम असेल. दाराला दोन जाकिटं होती. तिने चुकून दादांचं घातलं, बाह्या लांब झाल्या, बदललं नाही. थोरला घरघरत होता. बंद करण्याची आज्ञा तिने मनात दहा वेळा म्हटली होती, पण खुर्चीत बसल्यावर हात त्या कळांकडे जाईना. कुलूप फोडण्याआधी निदान एकदा कडी वाजवावी, असं काहीतरी तिला वाटलं असावं. तिने मुख्य खात्याचं नाव लिहिलं. थोरल्याने पासवर्ड विचारला. तिने आपला अर्धा टाइप केला, सावकाश, एकही कळ न चुकवता. मग खुर्ची मागे सारून उठली आणि भिंतीशी जाऊन उभी राहिली.

फुगवटा. खिळा. ओघळ. मानेवर थंड हवा. मागे टकटक नव्हती. तिने मनातल्या मनात ती मोजली, आठ अडखळत, आठ ठिबकत. दादा, येते हं, असं काहीसं ती पुटपुटली, आणि डोळे जाकिटाच्या बाहीला पुसले. बाहीला त्यांच्या तपकिरीचा वास अजून होता. मग ती स्वतःच वळली. खुर्चीत न बसता, उभ्या उभ्याच, अर्धवट ओळ मोडीत काढायला म्हणून तिने एंटर दाबलं. चुकीचा म्हणून नाकारेल, पडदा मोकळा होईल, मग बंद करायचं.

थोरल्याने दार उघडलं.

पडद्यावर मुख्य खात्याची ओळ आली होती आणि तिच्या पुढे कर्सर आज्ञेची वाट पाहत होता. तिला आधी वाटलं, यंत्र बिघडलं. ती खात्यातून बाहेर पडली आणि पुन्हा आपला अर्धा लिहिला, मुद्दाम शेवटचं अक्षर चुकवून. नाकारला. पुन्हा लिहिला, बरोबर, आणि एंटर. उघडलं. तिसऱ्यांदाही उघडलं. मग ती खुर्चीत बसली. सोळा टकटकी. आठ अडखळत, इकडेतिकडे, हाताला येतील त्या कळा. आणि आठ एका जागी, एका लयीत, खोडायच्या कळीवर. आठ लिहायची आणि मोजून आठ खोडायची, एकही जास्त नाही, नाहीतर हिचा अर्धा खोडला जाईल. म्हणून ते ठिबकणं. 'बरं' म्हणाले होते दादा. नियम पाळल्यासारखा दिसेल आणि एकाला ताप आला तरी घर बंद होणार नाही, अशी तजवीज त्यांनी त्याच आठवड्यात केली होती, आणि घर उघडं राहील ते हिच्या हातात. स्वतः मात्र तिचा अर्धा टाइप होताना प्रामाणिकपणे भिंतीकडे तोंड करून उभे राहत, कधी पाहिला नाही. एकोणीस वर्षं अख्खी किल्ली तिच्याकडे होती, आणि त्यांच्याकडे काहीच नव्हतं. निवृत्तीच्या दिवशी सांगणार असतील, ठसका लागेपर्यंत हसत.

इथवर तिला नुसता हुंदका आला होता. मग रविवार आठवले. डावा हात, थरथरत, अख्खा कीबोर्ड ओलांडून उजव्या टोकापर्यंत जाणारा. नजर ठरायला तिथे मोठी कळ असेलही, पण जवळ, डाव्या हाताशीच, लांबलचक स्पेसची कळ होती, तिच्यावर तो एकदाही पडला नव्हता. आठ महिने दर रविवारी पहिल्याच प्रश्नाला त्यांनी बरोबर उत्तर दिलं होतं. आणि हिने दर वेळी त्यांचं बोट त्या उत्तरावरून उचलून बाजूला ठेवलं होतं, मायेने, शाळेत शिकवावं तसं, एंटर शेवटी दादा, आधी अक्षरं. मनगटावरचे वळ आठवले. आठवत नाही म्हणून चिडतात गं. बरोबर उत्तर आत होतं आणि दार हिने लावलं होतं, बाहेरून, चिकाटीने, रविवारमागून रविवार. तिने दोन्ही हात बाह्यांत ओढून घेतले. या गोष्टीची माफी कोणत्या शब्दांत मागतात ते तिला ठाऊक नव्हतं.

साहेबाने दार वाजवलं. "मॅडम? पंपवाले विचारताहेत, बंद केलं का?"

"नाही केलं. गरज नाही. दादांचा अर्धा मिळाला."

"मिळाला?" तो आत आला, पडदा पाहिला, खूष झाला. "अरे वा! काय होता?"

"ते सांगायचं नसतं," ती म्हणाली. "नियम आहे."

दुपारी एक वाजता तिने वहिनींची बेल वाजवली. दार उघडून वहिनी गांगरल्या. "आज शनिवार ना गं? त्यांची दाढीसुद्धा नाही केली. सोमवारी परीक्षा ना तुझी?"

"सोमवारीच. वहिनी, सापडलं."

वहिनींचा हात कडीवर गेला. "बरं झालं," त्या म्हणाल्या. "सुटलीस बाई." आणि वाट सोडून उभ्या राहिल्या, पण तिच्याकडे पाहिलं नाही.

"उद्या येणारच आहे," ती म्हणाली. "पुढच्या रविवारीही." हे तिने ठरवून म्हटलं नव्हतं.

दादा पलंगावर उशीला टेकून बसले होते, गालांवर आठवड्याचे पांढरे खुंट. तिला पाहून त्यांच्या कपाळावर आठी पडली. पिशवी पाहून ती आणखी गडद झाली. आज काहीच न विचारता तिने कीबोर्ड त्यांच्या मांडीवर ठेवला, पलंगाच्या कडेला बसली, आणि त्यांच्या देखत आपला अर्धा टाइप करायला बोटं उचलली. दादांनी तिच्या बोटांकडे पाहिलं, आणि मग सवयीने, सावकाश, आखडलेली मान वळवत, तोंड भिंतीकडे फिरवलं. तिने टाइप केलं. कशालाच न जोडलेल्या कळा, पण एकही चुकवली नाही. मग ती उठली आणि समोरच्या भिंतीशी जाऊन उभी राहिली.

या भिंतीची तिला ओळख नव्हती. दिव्याचं बटण, त्याभोवती हातांचा मळ, खाली प्लॅस्टरला गेलेला एक तडा. मागे चादर सरकल्याचा आवाज आला. श्वास जड झाला. हात निघाला असावा. तिला तो दिसत होता, डोळे मिटूनही दिसत होता, एकेका कळीच्या रांगेवरून थरथरत जाणारा, आणि आज त्याला उचलून बाजूला ठेवणारं कुणी नव्हतं. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग एक टक वाजला. एकच, मोठा.

ती 'वळ'ची वाट बघत उभी राहिली. तो शब्द यायचा नव्हता हे तिला माहीत होतं.

"अगं, अशी भिंतीकडे तोंड करून काय उभी आहेस?" वहिनी दारातून म्हणाल्या. "इकडे बघ तरी. हसताहेत गं ते."

"हो, बघते," ती म्हणाली, पण तिला वळता येईना.